बटन कोणी बंद केलं

माझ्या घरात पाठीमागं पोट सुटलेला जुना रंगीत टीव्ही आहे आणि तो चालू आहे. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात आता असा दुसरा नाही. सून दर दिवाळीला तो भंगारात द्यायचं काढते. मी म्हणतो, मी आहे तोवर तो आहे, मी मेलो की आम्हा दोघांनाही एकाच दिवशी बाहेर काढा. मंग ती टीव्हीवरची धूळ पुसते आणि कामाला लागते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं सगळी उमर मोटारी भरण्यात गेली. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची, वेढे मोजून नवी तार बसवायची, व्हार्निश मारायचं, सुकवायचं. विहिरीवरच्या मोटारी, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या. नंतर गावोगाव टीव्ही आले, तेव्हा टीव्हीही उघडले. कोणी शिकवलं नाही. ही बढाई आहे असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. बढाईच आहे.

मला एक धाकटा भाऊ आहे. तो शिकला, विज्ञानाचा मास्तर झाला, आता रिटायर होऊन नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला राहतो. त्याला सगळे सर म्हणतात. मी दुकान चालवलं म्हणून तो शिकला, असं मी कधी म्हणालो नाही. लोक म्हणतात. मी त्यांना अडवत नाही.

त्याच्या-माझ्यात जे आहे ते टीव्हीवरून आहे. ऐकणाऱ्याला हसू येतं, म्हणून आधी नीट सांगतो.

तो नवीन नोकरीला लागला तेव्हा जालन्यातच मस्तगडला भाड्यानं राहायचा. लग्नाला वर्ष झालं होतं. त्यानं रंगीत टीव्ही घेतला आणि आठ दिवसांत मला निरोप आला, पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडलाय, येऊन बघ. मी निरोप ऐकूनच ओळखलं. त्यानं टेपरेकॉर्डरचा भला मोठा स्पीकर टीव्हीला चिकटून ठेवला असणार. स्पीकरमध्ये चुंबक असतं.

त्या जुन्या टीव्हीचं असं असतं की पाठीमागच्या नळीतून विजेचे कण सुटतात. पडद्याच्या काचेमागं बारीक भोकांची लोखंडी जाळी असते. कण त्या भोकांतून नेमके जातात आणि आपापल्या रंगाच्या ठिपक्यावर आदळतात, तो ठिपका उजळतो. जवळ चुंबक आलं की कणांची वाट वाकडी होते. लालवर जाणारा हिरव्यावर जातो, हिरव्यावरचा निळ्यावर. आणि चुंबक फार वेळ तिथंच राहिलं तर ती जाळीच चुंबक होऊन बसते. मंग स्पीकर उचलून नेला तरी डाग जात नाही.

त्यावर इलाज आहे. जेवणाच्या ताटाएवढं तारेचं कडं करायचं, चार-पाचशे वेढ्यांचं. आम्ही त्याला कॉइलच म्हणतो. घरातला करंट सोडला की कॉइलचं चुंबक होतं, पण एकीकडं तोंड करून बसणारं नाही, सेकंदाला कितीतरी वेळा उलटंपालटं होणारं. ते पडद्याजवळ नेऊन गोल फिरवायचं आणि फिरवत फिरवतच मागं सरायचं. हळूहळू. सहा-सात फूट मागं आल्यावर बटन बंद करायचं. तेवढ्यात जाळीतलं चुंबक उलटंपालटं होत कमी कमी होत मरून जातं. यात एकच गोष्ट सांभाळायची. कॉइल पडद्याजवळ असताना करंट तुटला नाही पाहिजे. तुटला तर त्या घटकेला जे चुंबक असेल तेच जाळीत पक्कं बसतं, आणि आधीचा डाग बरा होता म्हणायची पाळी येते.

मी कॉइल घरी गुंडाळली, पिशवीत घातली आणि बसनं जालन्याला गेलो. भावाच्या खोलीत त्याचे सासरे आलेले होते. हैद्राबाद संस्थानच्या काळातल्या घरातले, पांढरेशुभ्र कपडे, बोलण्यात सारखं बिलकुल आणि बराबर. मी कॉइल लावली आणि पडद्याजवळ नेली. पडदा सगळ्या रंगांनी थरथरायला लागला. असंच होतं. मी फिरवायला सुरुवात केली.

सासरे म्हणाले, “जावईबापू, काहीतरी जळून राह्यलंय बघा.”

व्हार्निश तापलं की वास येतोच. मी तोंड उघडेपर्यंत भावानं भिंतीवरचं बटन बंद केलं. कॉइल पडद्यापासून वीतभर होती.

अख्खा पडदा जांभळा-हिरवा होऊन बसला.

“दादा, हे काय करून ठेवलं?” भाऊ म्हणाला.

“मी? बटन कोणी बंद केलं?”

“वास येत होता.”

“वास यायचाच. चालू कर परत, दोन मिनिटांत काढून देतो.”

“राहू दे आता. हात लावू नको त्याला.” आणि सासऱ्याकडं वळून हसून म्हणाला, “आमचा दादा अडाणी आहे, पण मनानं लई चांगला.”

अडाणी म्हणाला ते मी एक वेळ गिळलं असतं. मनानं चांगला म्हणाला ते मला आजवर गिळता आलं नाही. गाढवाबद्दल बोलतात तसं बोलला तो.

दोन दिवसांनी त्यानं कंपनीचा माणूस बोलावला. त्या माणसाकडं काय होतं ते मी नंतर भावजयीकडून ऐकलं. तेच तारेचं कडं. त्यावर काळी पट्टी गुंडाळलेली आणि धरायला मूठ बसवलेली, एवढाच फरक. त्यानं गोल फिरवलं, मागं सरला, बटन दाबलं, डाग गेला. त्याला चहा दिला, पोहे दिले. आणि त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, जावळात माझ्या भावानं लोकांना ती गोष्ट सांगितली. दादानं माझा नवा टीव्ही कसा रंगीबेरंगी करून ठेवला. लोक हसायचे. माझ्याच तोंडावर हसायचे, कारण मी तिथंच जेवायला बसलेलो असायचो. गोष्टीत बटन कधी आलं नाही. मी दोनदा मधे बोललो. दोन्ही वेळा तो म्हणाला, “जाऊ दे ना दादा, किती जुनं झालं.” जुनं झालं होतं तर सांगत कशाला होता.

मंग मी त्याच्या घरी जाणं बंद केलं. मयतीला आणि लग्नाला तेवढे भेटायचो.

आता अलीकडचं.

मागं लडाखकडं एकदा आकाश लाल झालं होतं. आमच्या गावातला एक पोरगा तिकडं फौजेत आहे, त्यानं आईला फोटो पाठवला. काळा डोंगर आणि त्याच्या मागं आकाश लालभडक. पहाटेचं नाही, संध्याकाळचं नाही. आईनं तो फोटो घाबरून दहा जणांना दाखवला आणि दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या फोनवर गेला. देवळाच्या ओट्यावर कोणी म्हणालं, लढाई लागली. कोणी म्हणालं, चीननं काहीतरी सोडलं. एक जण तर म्हणाला की हे अशुभ आहे, पोराला रजा काढून बोलवून घ्या. त्या माउलीनं दोन दिवस चूल पेटवली नाही.

मी ओट्यावर म्हणालो, “वर काहीतरी आदळून राह्यलंय हवेवर. ट्यूबलाईटमध्ये कशी आतली हवा पेटते, तसं हे दिसतंय.”

“मिस्त्री, तुम्हाला सगळीकडं ट्यूबच दिसती,” एक जण म्हणाला, आणि ओटा हसला.

शाळेच्या मोठ्या बाईंनी ठरवलं की गावासमोर याचं व्याख्यान ठेवायचं. त्यासाठी त्यांनी कोणाला बोलावलं हे मला पानठेल्यावर कळलं. सरांना. माझ्या गावात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आकाशातल्या विजेवर बोलायला माझा भाऊ येणार आणि मला पानवाला सांगणार.

दोन दिवसांनी भाऊच दारात आला. गाडीतून उतरला, चपला बाहेर काढल्या, खाटेवर बसला. डोक्याचे केस गेले होते. माझ्या बायकोनं पाणी दिलं. तो टीव्हीकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

“चालू आहे अजून?”

“तुला काय करायचंय?”

“दादा, मला तो व्याख्यानाला पाह्यजे. नव्या टीव्हीवर दाखवता येत न्हाई. नव्यात नळी नसती.”

“नव्यात नळी नसती हे मला सांगून राह्यला तू?”

“भाऊजी, आधी च्या घ्या,” बायको म्हणाली, “मंग भांडा.”

त्यानं चहा घेतला आणि सांगायला लागला. त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात, इंग्रजीत अरोरा. सूर्यातून विजेचे कण सुटतात, पृथ्वी हे एक मोठं चुंबक आहे, ते कणांची वाट वळवतं, आणि ध्रुवाकडं ते हवेवर येऊन आदळतात. टीव्हीच्या नळीत होतं तेच, फक्त आभाळाएवढं. हे लोकांना चुंबक धरून दाखवलं की लगेच समजतं.

म्हणजे मी ओट्यावर म्हणालो होतो ते. मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, “बराबर आहे तुझं, जवळजवळ.”

जवळजवळ. मी विचारलं, “चुंबकाचा सगळा जोर टोकाला असतो. मंग उजेड बी बराबर टोकावरच जास्त पडत असंल, ध्रुवाच्या डोक्यावर?”

“न्हाई. टोकाभोवती कडं पडतं. मधे कमीच असतो.”

“असं कसं? लोखंडाचा कीस टाकला तर टोकालाच गोळा होतो.”

“कीस आणि कण एक न्हाईत, दादा.”

“मी साठ वर्षं चुंबक बघितलंय.”

“आणि मी शिकवलंय.”

तो त्याचा जुना आवाज. मी उठलो आणि टीव्हीवर चादर टाकली. म्हणालो, “एका अटीवर देतो. व्याख्यान सुरू करायच्या आधी, सगळ्या गावासमोर, मस्तगडला त्या दिवशी बटन कोणी बंद केलं ते सांगायचं.”

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मंग वाटलं नाही.

“ते अजून धरून बसलास?”

“तू सोडलं होतं का? मागच्या वर्षी तुझ्या पोरीच्या लग्नात मांडवात सांगितलं तू. माझ्या व्याह्यासमोर.”

“ती मज्जा होती रे.”

“मंग मज्जा माझ्या बाजूनं बी होऊ दे.”

त्यानं रिकामा कप खाटेखाली सरकवला. शेवटी म्हणाला, “सांगतो.” बायको दारात उभी राहून ऐकत होती. साक्षीला माणूस असला म्हणून मी हो म्हणालो. निघताना त्याला एवढं बजावलं की चुंबक काचेला लावायचं नाही, वीतभर लांब धरायचं. तो म्हणाला, “मला माहीत आहे.”

व्याख्यान दुपारी होतं. शाळेची मोठी खोली, खिडक्यांना ताडपत्री लावून अंधार केलेला. सतरंजीवर पोरं, मागं माणसं, एका बाजूला बायका. फौजेतल्या पोराची आई पहिल्या ओळीत. मला मोठ्या बाईंनी प्लास्टिकची खुर्ची दिली ती भिंतीवरच्या लाईटच्या बोर्डाजवळ. “मिस्त्री, तुम्ही लाईटचं जरा बघा हं,” म्हणाल्या. मी बसलो. खुर्चीखाली माझी पिशवी ठेवली. पिशवीत कॉइल होती, तीच, मस्तगडची. कोणी सांगितलं नव्हतं आणायला. भावाला मी ओळखतो.

त्यानं माईक घेतला आणि सुरू केलं. नमस्कार, मोठ्या बाईंचे आभार, गावाचे आभार, या शाळेच्या मातीचे आभार. मी वाट बघत होतो. मंग तो म्हणाला, “तर सूर्य म्हणजे काय?” बटनाचं नाव नाही.

तो चांगला बोलला हे मी लिहितो. खोटं कशाला लिहू. सूर्य उजेडाबरोबर विजेचे कणही फेकत असतो, म्हणाला. उजेड आठ मिनिटांत येतो, कणांना यायला दोन-तीन दिवस लागतात. कधी सूर्य भडकतो, मंग एकदम मोठा लोंढा येतो. पृथ्वीचं चुंबक त्याला अडवतं, नदीतला खडक पाण्याला अडवतो तसं, पाणी बाजूनं फाकतं आणि पलीकडं लांब शेपूट होतं. त्या मागच्या शेपटातून जोर घेऊन काही कण उलटे फिरतात आणि चुंबकाच्या वाटेनं ध्रुवाकडं उतरतात. पुढच्या दारानं नाही, मागच्या दारानं. म्हणून रात्रीच्या बाजूला जास्त उजेड.

रंगांचंही त्यानं सांगितलं. आपण श्वास घेतो त्या हवेतला ऑक्सिजन, कणाचा मार बसला की उजळतो. खालच्या थरात हिरवा, फार वर लाल. दोन्हीकडं ऑक्सिजन तोच, मंग रंग वेगळा का? तर लाल उजेड द्यायला त्याला दीड-दोन मिनिटं निवांत लागतात. खाली हवा दाट, शेजारचा कण तेवढ्यात धक्का मारतो आणि तो लाल उजेड द्यायच्या आतच विझतो. वर हवा अगदी विरळ, धक्का मारायला कोणी नाही, म्हणून तिथं लाल निघतो. मला ते पटलं. एखाद्याला काम पुरं करू द्यायचं तर मधे हात घालायचा नसतो, हे त्याला ऑक्सिजनच्या बाबतीत समजलं होतं.

“मंग लडाखला लालच का दिसलं?” एका पोरीनं विचारलं.

“लडाख ध्रुवापासून लई लांब. एवढ्या लांबून खालचा हिरवा दिसत न्हाई, जमीन मधे येती. सर्वांत वरचा लाल तेवढा दिसतो. लांबून गाव दिसत न्हाई, देवळाचा कळस दिसतो, तसं.”

फौजेतल्या पोराची आई उभी राहिली. “सर, माझ्या पोराला त्यानं काही होतं का?”

“काहीच होत न्हाई, ताई. तो उजेड दोनशे कोसांच्या बी वर असतो कधी कधी. कण वरच्या हवेतच संपतात. तुमच्या पोरानं फक्त बघितलं. आणि नशीबवान आहे, मला या वयात बघायला मिळालं न्हाई.”

ती खाली बसली आणि पदरानं डोळे पुसले. तिच्या मागच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी मी भावाला जवळजवळ माफ करणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, “आता हे आपण प्रत्यक्ष बघू,” आणि खिशातून चुंबक काढलं.

ते स्पीकरचं चुंबक नव्हतं. नवीन चकचकीत, रुपयाएवढं, पण ते इतक्या जोराचं असतं की दोन चिकटली तर बोटांची कातडी निघते. त्यानं टीव्ही चालू केला, पडदा पांढरा केला आणि चुंबक जवळ नेलं. पडद्यावर रंग वाकले, गोल गोल झाले, हिरवा, लाल, जांभळा. पोरं ओरडली. खरंच सुंदर दिसत होतं. भाऊ खुलला.

“वीतभर लांब,” मी खुर्चीवरून म्हणालो.

त्यानं ऐकलं. ऐकून तो आणखी जवळ गेला. चुंबक काचेला टेकवलं आणि फिरवलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. मंग त्यानं मोठ्या ऐटीत हात मागं घेतला आणि म्हणाला, “आणि आता चुंबक काढलं की—”

डाग तसाच राहिला. तळहाताएवढा जांभळा, कडेला हिरवा.

त्यानं टीव्ही बंद करून चालू केला. टीव्हीच्या आत स्वतःची एक बारकी कॉइल असते, ती चालू करताना एकदा चुंबक काढते. पण एवढं जोराचं तिच्यानं निघत नाही. त्यानं पुन्हा बंद-चालू केला. डाग जागेवर.

“टीव्ही जुना आहे,” तो माईकमध्ये म्हणाला.

माझा टीव्ही. जो मी इतकी वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला.

खोलीत कुजबूज झाली. भावानं माझ्याकडं बघितलं. मी पायानं पिशवी खुर्चीखालून थोडी पुढं सरकवली, म्हणजे तिच्या तोंडातून कॉइल दिसेल एवढी. त्याला दिसली.

“दादा,” तो माईक बाजूला धरून म्हणाला, “आणली का?”

“आणली. आधी राह्यलेलं बोल.”

“नंतर बोलतो.”

“नंतर तू जालन्याला जाशील.”

सगळी खोली आमच्याकडं बघत होती. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणीही त्या अशाच व्हायच्या. त्यानं माईक तोंडाजवळ घेतला. आणि मंग त्यानं जे केलं ते मला आधीच समजायला पाहिजे होतं. तो हसला. लग्नात हसतो तसा.

“तर मंडळी, एक मज्जा सांगतो. माझा पहिला टीव्ही. असाच डाग. दादा असाच आला कॉइल घेऊन. आणि सासरेबुवा म्हणाले जळून राह्यलं, तर मी घाबरून काय केलं असंल? बटनच बंद केलं. आख्खा टीव्ही जांभळा. आणि नाव कोणाचं झालं? आमच्या दादाचं. गरीब बिचारा, इतकी वर्षं शिव्या खाऊन राह्यलाय माझ्यामुळं.”

खोली फुटली हसून. पोरं, बाया, पानवाला, सगळे. काहींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं बघून हसले, प्रेमानं हसले. गरीब बिचारा.

त्यानं सगळं खरं सांगितलं होतं. एक शब्द खोटा नव्हता. मला वाद घालायला जागाच ठेवली नाही.

मी उठलो. कॉइल काढली, बोर्डात पिन लावली. भावाला हाक मारली, “सर, इकडं या. इथं बटनाजवळ उभं राहा. मी म्हणस्तोवर बंद करायचं न्हाई.”

लोक आणखी हसले. तो आला, बटनाशी उभा राहिला. मी चालू कर म्हणालो. कॉइल घुमायला लागली. मी ती डागाजवळ नेली, पडदा थरथरला. गोल फिरवायला सुरुवात केली. मंग मागं सरायला लागलो.

सहा फूट झाले. तिथं थांबून बंद कर म्हटलं असतं तर काम झालं होतं. मी म्हटलं नाही. सतरंजीवरच्या पोरांना बाजूला व्हायला सांगितलं आणि गोल फिरवत मागंच जात राहिलो. लांब तार मी मुद्दाम जोडून आणली होती. कॉइल तापली. व्हार्निशचा वास सुटला, तोच, मस्तगडचा. पहिल्या ओळीतल्या बायकांनी नाकाला पदर लावला. कोणी म्हणालं, “मिस्त्री, जळून राह्यलं.” मी भावाकडं बघितलं. त्याचा हात बटनावर होता. त्याचं बोट हललं.

“हात लावू नको त्याला,” मी म्हणालो.

त्याचेच शब्द होते. तेव्हा त्याचं हसू गेलं. बाकी कोणाला कळलं नाही, त्याला कळलं. तो तसाच उभा राहिला, बोट बटनावर, डोळे माझ्यावर, आणि मी मागं सरत बायकांच्या बाजूनं, पुरुषांच्या मधून, दारातून बाहेर ओसरीवर गेलो. तार ताणली गेली तेव्हा थांबलो. तळहाताला चटके बसत होते. तरी मी आणखी थोडा वेळ धरून उभा राहिलो.

मंग म्हणालो, “कर बंद.”

आत टाळ्या झाल्या. पडदा स्वच्छ पांढरा झाला होता, मी आत गेलो तेव्हा बघितला. डागाचा मागमूस नाही.

लोक पांगल्यावर टीव्ही हातगाड्यावर चढवत होतो. भाऊ आला, दुसरी बाजू धरायला लागला. मी म्हणालो, राहू दे. त्यानं ऐकलं नाही, धरलीच. गाड्यावर टीव्ही बसला. तो हात झटकत म्हणाला, “झालं ना समाधान? सांगितलं सगळ्यांसमोर.”

“न्हाई झालं.”

“आता आणखी काय पाह्यजे तुला?”

“हसल्याबिगर सांगायला पाह्यजे होतं.”

तो गाडीत बसला. काच खाली केली, काहीतरी बोलणार होता, मंग वर केली आणि गेला.

आठवड्यानं त्याचा माझ्या फोनवर फोटो आला. आकाशातून, उपग्रहानं काढलेला. पृथ्वीचा माथा आणि त्याभोवती हिरव्या उजेडाचं गोल कडं. मधे, अगदी टोकावर, अंधार. खाली त्यानं लिहिलं होतं, दादा, कडं बघ. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. कडंच आहे. कीस टोकाला गोळा होतो आणि उजेड टोकाभोवती फिरतो, हे असं का होतं ते मला अजून पुरतं समजलेलं नाही. त्याला विचारलं तर तो सांगेल. मी विचारलं नाही आणि फोटोला उत्तरही दिलं नाही.

तळहाताच्या फोडाची आता नुसती खूण राहिली आहे. गावात नवीन गोष्ट सुरू झाली, मिस्त्री कॉइल फिरवत फिरवत शाळेच्या बाहेर कसा गेला. सांगताना हसतात. भाऊ ती जालन्यात सांगत असणार, माझी खात्री आहे.

म्हणून हे लिहून ठेवतो. कड्याच्या बाबतीत त्याचं बराबर होतं आणि माझं चुकलं. मस्तगडला त्या दिवशी कॉइल पडद्यापासून वीतभर असताना बटन माझ्या भावानं बंद केलं. यात हसण्यासारखं काही नाही.